कानोत्याचे अमरसिंह : सवय, शिक्षक आणि एक रोजनिशी

बी.एड.च्या परीक्षेत एक प्रश्न हमखास येई : अभिजात अभिसंधान आणि साधक अभिसंधान यांतील फरक स्पष्ट करा. आम्ही पानावर दोन रकाने आखत असू. एका बाजूला पाव्हलॉव्ह, कुत्रा आणि लाळ. दुसऱ्या बाजूला स्किनर, उंदीर आणि कळ. उत्तर पाठ असे आणि गुणही मिळत. पुढे तीस वर्षे वर्गात उभी राहिल्यावर लक्षात आले की, तो फरक आपल्याला लिहिता येत होता. समजला मात्र नव्हता. तो समजायला मला एका अशा माणसाच्या चरित्राची मदत झाली, ज्याचा मानसशास्त्राशी काहीएक संबंध नव्हता. शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र द्यावे, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा मी त्याच माणसाची निवड केली. ते म्हणजे कानोत्याचे ठाकूर, जनरल अमरसिंह.

कानोता हे गाव जयपूरच्या पूर्वेस, आग्र्याच्या रस्त्यावर आहे. गावात ठाकुरांची जुनी गढी आहे. आता तिथे हॉटेल चालते आणि देशोदेशीचे प्रवासी येऊन उतरतात. मात्र इतिहासाच्या अभ्यासकांना कानोत्याचे नाव परिचित आहे ते गढीमुळे नव्हे, तर गढीच्या एका धन्याने लिहिलेल्या रोजनिशीमुळे. अमरसिंहांनी ३ सप्टेंबर १८९८ रोजी रोजनिशी लिहायला आरंभ केला आणि १ नोव्हेंबर १९४२ रोजी, म्हणजे मृत्यूच्या दिवशी, तिची अखेरची नोंद झाली. चव्वेचाळीस वर्षे, सोळा हजारांहून अधिक दिवस, एकोणनव्वद खंड आणि प्रत्येक खंडाची सुमारे आठशे पाने. एका माणसाने स्वतःच्या हाताने केलेले एवढे दीर्घ आणि अखंड लेखन जगातही विरळाच असेल. सैनिकाच्या हाताला ही सवय लागली कशी? या प्रश्नातच आमच्या परीक्षेतील तो जुना प्रश्न दडलेला आहे.

अमरसिंहांचा जन्म १८७८ सालचा. घराणे राठोडांच्या चांपावत शाखेचे, मूळ मारवाडातले. त्यांचे आजोबा ठाकूर जोरावरसिंह जयपूर दरबारच्या सेवेत होते आणि कानोत्याची जहागीर त्यांच्याकडे होती. आजोबांचे दोन भाऊही त्याच दरबारात मानाच्या जागी होते. नायला आणि गोंदेर ही त्यांची ठिकाणे. जयपुरातील हवेलीत आजोबा, वडील नारायणसिंह, काका, भाऊ, स्त्रिया, मुले आणि नोकरचाकर असे भलेमोठे एकत्र कुटुंब नांदत असे. अमरसिंह थोरले, पुढे कानोत्याची गादी त्यांच्याकडे येणार हे ठरलेलेच होते.

वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना जोधपूरला सर प्रतापसिंहांकडे ठेवण्यात आले. सर प्रताप म्हणजे त्या काळातील राजस्थानातील एक मोठे प्रस्थ : जोधपूरचा कारभार पाहणारे, उत्तम घोडेस्वार, पोलोचे नामांकित खेळाडू. १८८९ मध्ये त्यांनी जोधपूरचे प्रसिद्ध घोडदळ उभे केले. त्यांच्याकडे वाढणाऱ्या मुलांची राहणी साधी आणि शिस्त कडक असे. पहाटे घोड्यावर मांड, दिवसभर कवायत आणि शिकार, सायंकाळी पोलो. अमरसिंहांचे खरे बालपण घोड्यांच्या सहवासात गेले आणि घोड्यांची पारख व शिकवण हा त्यांचा जन्मभराचा व्यासंग ठरला.

येथे क्षणभर थांबून आपण घोडदळाच्या पागेत डोकावू या, कारण शिकण्याचे दोन्ही मार्ग तिथे शेजारी शेजारी दिसतात.

नवा घोडा बंदुकीच्या आवाजाला बिचकतो. हे बिचकणे तो कुणाकडून शिकलेला नसतो. ते त्याच्या रक्तातच असते. जुन्या जाणत्यांची युक्ती अशी की, दाणावैरणीच्या वेळी दूर अंतरावर बार काढायचा आणि दिवसेंदिवस ते अंतर कमी करायचे. काही आठवड्यांनी तोच आवाज ऐकून घोडा कान टवकारतो, कारण आवाजापाठोपाठ चंदी येते हे त्याच्या शरीराने ओळखलेले असते. या सगळ्यात घोड्याने स्वतः होऊन काहीही केलेले नाही. दोन गोष्टी एकीपाठोपाठ एक घडत गेल्या आणि एकीचा अर्थ दुसरीला चिकटला. हे अभिजात अभिसंधान होय. रशियन शरीरशास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांना पचनसंस्थेवरील संशोधनासाठी १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच संशोधनाच्या ओघात त्यांना ही प्रक्रिया आढळली. अन्नाआधी ठरावीक ठोके ऐकवले, तर पुढे केवळ ठोक्यांनीच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटे.

आता दुसरा मार्ग पाहा. स्वार डावा लगाम किंचित ओढतो. तोंडावरचा दाब घोड्याला नकोसा होतो. तो मान उडवतो, मागे सरतो, उजवीकडे वळू पाहतो. दाब काही कमी होत नाही. मग केव्हातरी तो डावीकडे वळतो आणि त्याच क्षणी स्वार लगाम सैल सोडतो. दाब गेला, हीच त्याची मिळकत. पुढच्या खेपेस तो लवकर वळतो. इथे घोड्याला काहीतरी करावे लागले आणि त्या करण्याला फळ मिळाले. हे साधक अभिसंधान होय. नकोशी गोष्ट दूर झाल्याने कृती बळावते, तेव्हा त्याला ऋण प्रबलन म्हणतात. आणि परीक्षार्थी हटकून चूक करतात ती इथेच, कारण ते ऋण प्रबलनालाच शिक्षा समजतात. शिक्षेने कृती दबते, प्रबलनाने ती वाढते. चांगला स्वार ओढण्यापेक्षा सोडण्यात कुशल असतो. योग्य क्षणी लगाम सैल करणे हेच त्याचे शिकवणे.

योगायोगाची गोष्ट अशी की, ज्या १८९८ साली अमरसिंहांनी रोजनिशी लिहायला घेतली, त्याच वर्षी अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी पेटीत कोंडलेल्या मांजरांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. धडपडताना मांजराचा पंजा एकदा कडीवर पडतो, दार उघडते, बाहेर खाणे मिळते. मग प्रत्येक खेपेस ती कडी लवकर सापडू लागते. ज्या कृतीचे फळ सुखद, ती कृती टिकते. हाच धागा पुढे बी. एफ. स्किनर यांनी विणत नेला आणि १९३८ च्या आपल्या ग्रंथात त्याचे शास्त्र मांडले.

या साऱ्याची वार्ताही नसलेले एक शिक्षक तेव्हा जोधपुरात हेच काम करीत होते. त्यांचे नाव बारठ रामनाथजी. चारण कुळातील हे विद्वान गृहस्थ सरदारांच्या मुलांसाठी असलेल्या पाउलेट नोबल्स स्कूलमध्ये शिकवीत. घोडे, तलवार आणि शिकार यांत रमलेल्या अमरसिंहांना पुस्तकांची गोडी लावली ती त्यांनी. इतिहास, चरित्रे, कादंबऱ्या असे वाचन दोघांनी मिळून केले. त्यांच्याच प्रभावाखाली वीस वर्षांचा हा तरुण रोज रात्री दिवसभराचा वृत्तान्त इंग्रजीत लिहू लागला. लिहिलेली पाने तो गुरुजींना वाचायला देई. गुरुजी ती केवळ वाचून परत करीत नसत. जागोजागी आपले अभिप्राय लिहीत. कुठे शाबासकी, कुठे मतभेद, कुठे सल्ला.

शिक्षिका म्हणून माझी नजर त्या अभिप्रायांवरच खिळते. आरंभीची ती पाने म्हणजे, भाषेच्या मानाने, अडखळणाऱ्या विद्यार्थ्याची पाने होती. इंग्रजी ही काही त्यांची घरची भाषा नव्हती. गुरुजींनी प्रत्येक चुकीवर रेघ मारली असती, तर ती वही पहिल्या वर्षातच बंद पडली असती. गुरुजींनी लेखकाशी संवाद केला. लिहिले की कुणीतरी मनापासून वाचते आणि उत्तर देते, हे फळ त्या तरुणाला मिळत राहिले. लगाम योग्य वेळी सैल सोडणे ते याहून वेगळे काय?

१९०० साली चीनमधील बंड मोडण्यासाठी अनेक देशांच्या फौजा गेल्या, त्यांत जोधपूरचे घोडदळही होते. सर प्रतापांबरोबर अमरसिंहही समुद्रापलीकडे गेले. वही सोबत होती. छावणी, थंडी, लूट, निरनिराळ्या देशांच्या सैनिकांची वागणूक हे सारे तिच्यात उतरले. १९०१ मध्ये ते परतले आणि त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले. मग १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी राजघराण्यांतील तरुणांसाठी काढलेल्या इंपीरियल कॅडेट कोअरमध्ये, तिच्या पहिल्याच तुकडीत, ते दाखल झाले. मेरठ आणि डेहराडून येथे त्यांचे शिक्षण झाले. १९०५ साली या संस्थेतून ज्या पहिल्या चौघांना अधिकारपद मिळाले, त्यांत ते होते.

मात्र ते अधिकारपद पूर्ण नव्हते. गणवेश होता, मान होता. परंतु गोऱ्या सैनिकांवर हुकूम चालविण्याचा अधिकार नव्हता. त्यांची नेमणूक महू येथे जनरल ओमूर क्रे यांच्या पदरी झाली. महू म्हणजे इंदूरजवळची लष्करी छावणी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान. मराठी माणसाला हे नाव वेगळे सांगायला नको. तेथे अमरसिंह इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर जेवत, पोलो खेळत, शिकारीला जात. आणि तरीही आपण त्यांच्यातले नाही ही जाणीव त्यांना सोडीत नसे. सुट्टीत जयपूरला यावे, तर तिथे एकत्र कुटुंबाच्या रीती. वडीलधाऱ्यांसमोर बोलायचे नाही, पत्नीला दिवसा भेटायचे नाही, मनातले कुणापाशी उघड करायचे नाही. दोन्ही जगांत वावरणारा हा माणूस दोन्हीकडे अर्धा मिटलेला होता. पूर्णपणे उघडा होता तो केवळ वहीत.

अभिसंधानाच्या सिद्धान्ताची खरी कसोटी इथे लागते. फळ मिळणे थांबले की कृती हळूहळू मावळते, असे शास्त्र सांगते. त्यास विलोपन म्हणतात. गुरुजींचे अभिप्राय आरंभीच्या वर्षांतले. पुढे ते हात आणि ते शब्द वहीत राहिले नाहीत. वाचक नाही, शाबासकी नाही, प्रसिद्धीचा विचार नाही. या हिशेबाने रोजनिशी थांबायला हवी होती. ती थांबली नाही. पहिल्या महायुद्धात सरहिंद ब्रिगेडबरोबर ते फ्रान्सच्या आघाडीवर गेले, चिखलाने भरलेल्या खंदकांच्या प्रदेशात राहिले, मग मेसोपोटेमियाच्या उन्हात गेले. वही चालूच राहिली. १९१७ साली नऊ हिंदी अधिकाऱ्यांना प्रथमच पूर्ण दर्जाची राजसनद मिळाली, त्यांत अमरसिंहांचे नाव होते आणि त्याच यादीत बाळासाहेब डफळे हे आपले एक मराठी नावही होते. त्या दिवसांतही वही चालूच राहिली.

मला याचे उत्तर असे दिसते. गुरुजींनी दिलेले फळ हे बाहेरचे होते. पण त्या फळाच्या आधाराने हात सरावला, भाषा सुधारली आणि मग लिहिण्यातूनच दुसरे फळ मिळू लागले. मनात दिवसभर कोंडलेले रात्री कागदावर मोकळे होऊ लागले. स्किनरसुद्धा हे नाकारणार नाहीत. कृतीच्या पोटातूनच निघणारे फळ सर्वांत टिकाऊ असते हे त्यांच्या शास्त्रालाही मान्य आहे. दुसरीकडे, रात्र, दिवा आणि लेखणी यांच्याशी त्या मोकळेपणाची गाठ बसली असणार. तो भाग पाव्हलॉव्ह यांच्या बाजूचा. एकाच सवयीत दोन्ही धागे असे विणलेले असतात. रकाने पाडून ते वेगळे करतो ते आपण, परीक्षेपुरते. आणि तरीही काही उरतेच. अपमान झाला त्या रात्री माणूस तलवारीकडे न वळता लेखणीकडे का वळतो, हे कोणत्याही पेटीतल्या प्रयोगाने मला अजून पटवून दिलेले नाही. तिथे माणसाची निवड सुरू होते.

युद्धानंतर काही काळाने अमरसिंह ब्रिटिश फौजेतून बाहेर पडले आणि जयपूर संस्थानाच्या सेवेत आले. संस्थानाचे नवे घोडदळ उभे करण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि पुढे ते संस्थानी फौजेचे प्रमुख झाले. १९२४ मध्ये वडील गेले आणि ते कानोत्याचे ठाकूर झाले. १९२८ मध्ये त्यांनी जयपुरात वडिलांच्या नावाने नारायण निवास ही वास्तू बांधली. १९३६ मध्ये मेजर जनरलच्या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले. घोडे, पुस्तके, छायाचित्रांचे संग्रह आणि वही यांच्या संगतीत त्यांची अखेरची वर्षे गेली. १ नोव्हेंबर १९४२ रोजी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

खंड मागे राहिले. पुतणे मोहनसिंह यांनी ते जिवापाड जपले. १९७१ च्या सुमारास सुझान आणि लॉइड रूडॉल्फ या अमेरिकन अभ्यासक दांपत्याच्या ते पाहण्यात आले. तिघांनी मिळून वर्षानुवर्षे काम केले आणि २००० साली रोजनिशीतील आरंभीच्या वर्षांचा निवडक भाग ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. इंग्रजांनी हिंदुस्थानविषयी पुष्कळ लिहिले होते. एक हिंदी माणूस इंग्रजांकडे आणि स्वतःच्या घराकडेही तितक्याच निरखून पाहतो आहे, हे जगाला त्या पानांतून प्रथमच एवढ्या तपशिलाने दिसले.

आता थोडे स्वतःविषयी लिहिते. हीरक महोत्सवात मुख्याध्यापिकेने केवळ दुसऱ्यांचे दाखले देऊन भागत नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत, दुसऱ्या एका गावी, मी गणित शिकवीत असे. उत्तर चुकले की टेबलावर लाकडी पट्टी आपटायची माझी रीत होती. मी कुणाला मारले नाही, याचा मला अभिमानही होता. एक मुलगा होता, हुशार, नीटनेटका. पट्टीच्या आवाजाने त्याच्या चुका कमी झाल्या आणि मी समाधान पावले. वर्षअखेरीस त्याची आई भेटायला आली. गणिताच्या तासाच्या दिवशी सकाळी त्याच्या पोटात दुखते आणि घरी कुणी दार आपटले तरी तो दचकतो, असे तिने सांगितले. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच ते मला अधिक लागले.

मी त्याला एक गोष्ट शिकवू पाहत होते आणि तो दोन शिकला होता. चूक टाळावी, हे तो कृतीच्या परिणामातून शिकला. पण त्याच आवाजाने फळा, खडू, पाढे आणि मी या सर्वांना भीती चिकटवली होती आणि ते शिकणे माझ्या नोंदवहीत कुठेच नव्हते. बी.एड.च्या उत्तरपत्रिकेत जो फरक मी दोन रकान्यांत लिहिला होता, तो त्या मुलाच्या पोटात एकत्र नांदत होता. दुसऱ्या दिवशी मी पट्टी कपाटात ठेवली. त्याची भीती जायला मात्र पुढचे वर्ष जावे लागले. घोड्याला चंदीच्या वेळी बार ऐकवतात, तसे मी त्याला सोपी, हसतखेळत सुटणारी उदाहरणे देत गेले. तो पुन्हा फळ्यापाशी येऊ लागला, परंतु हात वर करण्याआधी तो क्षणभर माझ्या टेबलाकडे पाही. ती नजर मी विसरलेले नाही.

म्हणून पालकांना माझे सांगणे आहे की, मुलाला बक्षीस द्या किंवा समज द्या. पण त्याच वेळी त्या अभ्यासाला, त्या पुस्तकाला, त्या संध्याकाळच्या वेळेला कोणती भावना चिकटते आहे तेही पाहा. गुणांमागे मिळणारी भेटवस्तू कधीतरी थांबते. तोपर्यंत वाचनातच गोडी निर्माण झाली नसेल, तर वाचनही थांबते. बाहेरचे फळ हा टेकू आहे. भिंत उभी राहिली की टेकू काढता आला पाहिजे.

आणि माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्या वह्यांत आमच्यापैकी कुणाच्या ना कुणाच्या हातचे अभिप्राय आहेत. काही घाईत लिहिलेले, काही कठोर, काही कदाचित अन्यायकारकही. साठ वर्षांत या शाळेच्या शिक्षकांनी अशा किती ओळी लिहिल्या असतील आणि त्यांतल्या कोणत्या कुणाच्या जन्माला पुरल्या असतील, याची मोजदाद नाही. शाळेची घंटा ऐकून तुमच्या मनात आज आनंद उमटत असेल, तर ते त्यांचे श्रेय. कुणाच्या मनात अजून धास्ती उमटत असेल, तर ते आमचे देणे आहे.

जोधपुरातील त्या शिक्षकाचे नाव आज इतिहासाच्या अभ्यासकांबाहेर फारसे कुणी घेत नाही. पण कानोत्याच्या त्या एकोणनव्वद खंडांच्या आरंभी, एका अडखळणाऱ्या तरुणाच्या ओळींशेजारी, रामनाथजींची शाई आहे. आजही संध्याकाळी तपासायच्या वह्यांचा गठ्ठा पुढे ओढताना मला त्या शाईची आठवण होते आणि लाल पेन उचलण्याआधी मी ते पान एकदा नुसतेच वाचून काढते.